आयर्लंडबाहेर घडलेला आयरिश पब

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर, सुमारे 3,440 मीटर उंचीवर, नामचे बाजार लागतं. पुण्या-मुंबईहून निघालेले ट्रेकर्स विरळ हवेची सवय व्हावी म्हणून इथे एक दिवस जास्तीचा मुक्काम करतात. शेर्पांच्या या गावात बेकऱ्या आहेत, गिर्यारोहणाच्या सामानाची दुकानं आहेत, आणि एक ‘द आयरिश पब’सुद्धा आहे. तिकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिणेकडच्या उश्वाया शहरात, ‘डब्लिन’ नावाचा पब आहे. मधल्या जगात तर मोजदाद अवघड. आयर्लंडची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही. तरी एवढ्याशा देशाच्या गावगुत्त्याने जग व्यापलं आहे.

या पसाऱ्याकडे नाक मुरडून पाहण्याची जुनी पद्धत आहे. भिंतीवर गंजलेली सायकल, कपाटात कोणीही न वाचणारी जुनी पुस्तकं, दारावर तीन पानांचं शॅमरॉक, आणि काउंटरमागे आयर्लंडचं तोंडही न पाहिलेला पोऱ्या. हे सगळं नाटक आहे, खरा पब पाहायचा तर क्लेअर किंवा केरीतल्या एखाद्या खेड्यात जावं, असं जाणकार सांगतात. आक्षेपात तथ्य आहे, पण निम्मंच. आयरिश पब म्हणून जग ज्याला ओळखतं, त्यातला बराचसा भाग मुळात आयर्लंडबाहेर, परागंदा झालेल्या आयरिश माणसांच्या हातून घडला. म्हणून परदेशातल्या पबला सरसकट नकली म्हणणं इतिहासाला धरून नाही.

आधी नाटकाच्या बाजूचा पुरावा पाहू. सत्तरच्या दशकात मेल मॅकनॅली हा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी डब्लिनमधल्या पबांचा अभ्यास करत होता. काउंटरची उंची किती, बसायला कोपरे कसे केले आहेत, उजेड कुठून येतो, माणसं कुठे थांबतात आणि कुठे घुटमळतात, अशी त्याची निरीक्षणं होती. पुढे त्यातून धंदा उभा राहिला आणि 1990 मध्ये ‘आयरिश पब कंपनी’ स्थापन झाली. गिनेस या बिअर कंपनीने तिच्याशी हातमिळवणी केली. कारण साधं होतं. ज्या शहरात आयरिश पब उघडे, तिथे गिनेसचा खप वाढे. मग ठरावीक नमुने तयार झाले. एक व्हिक्टोरियन थाटाचा, एक खेड्यातल्या घरासारखा, एक जुन्या किराणा दुकानासारखा, एक दारूभट्टीच्या धर्तीचा. लाकडी काउंटर, फरशा, रंगीत काचा, जुन्या जाहिरातींचे पत्रे असं सगळं आयर्लंडमध्ये बनवून कंटेनरमध्ये भरायचं आणि हव्या त्या बंदरात उतरवायचं. या एका कंपनीने पन्नासहून अधिक देशांत पब उभारले. गंमत म्हणजे पुढे आयर्लंडमधल्या काही पबांनीही नूतनीकरण करताना हाच निर्यातीचा नमुना घरी आणला.

पण याच नमुन्यांतला किराणा दुकानाचा नमुना खोटा नाही. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधला दारूवाला अनेकदा वाणीही असे. एका बाजूला चहा, साखर, खिळे, दोर. दुसऱ्या बाजूला व्हिस्कीचं पिंप. कुठे कुठे तोच माणूस अंत्यविधीचीही व्यवस्था पाहत असे. डिंगल गावात ‘फॉक्सी जॉन्स’मध्ये आजही एका हाताला हातोड्या-खिळे मिळतात आणि दुसऱ्या हाताला बिअरचा पाइंट. त्याच गावातला ‘डिक मॅक्स’ हा पब चामड्याच्या कामासाठीही ओळखला जातो. लिस्टोवेलमध्ये नाटककार जॉन बी. कीन स्वतः पब चालवत असे. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून त्याला पात्रं मिळत. पब म्हणजे गावाचा पोस्ट, पंचायत आणि वर्तमानपत्र, हे वर्णन पर्यटन खात्याच्या जन्माआधीचं आहे.

हा पब देशाबाहेर पडला तो उपासमारीमुळे. 1845 पासून बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली. तितकीच किंवा त्याहून जास्त माणसं बोटींत बसून देश सोडून गेली. आज एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. न्यूयॉर्क, बॉस्टन, लिव्हरपूल, मेलबर्न इथे उतरलेल्या माणसाला काम कुठे मिळेल, खोली कुठे मिळेल, गावाकडून आलेलं पत्र कोण वाचून दाखवेल, या प्रश्नांची उत्तरं पबमध्ये मिळत. गंजलेली सायकल तेव्हा भिंतीवर नव्हती. तिची गरजही नव्हती.

आता ज्या गोष्टी ‘अस्सल आयरिश’ म्हणून विकल्या जातात त्या एकेक तपासू. पबच्या कोपऱ्यात फिडल, बासरी आणि बोधरान नावाचा डफ घेऊन बसलेली मंडळी, म्हणजे ज्याला ‘सेशन’ म्हणतात ते, अनादी वाटतं. प्रत्यक्षात आयर्लंडमध्ये हे संगीत प्रामुख्याने घरांत आणि चौरस्त्यांवरच्या नाचांत वाजत असे. 1935 च्या नृत्यगृह कायद्याने परवान्याशिवायच्या नाचांवर बंधन आलं आणि घरगुती मैफलींनाही त्याची झळ बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामावर राबायला लंडनला गेलेल्या तरुणांकडे घर नव्हतंच, होती ती भाड्याची एकेक खोली. वाजवायला जागा मिळाली ती कॅमडन आणि केंटिश टाउनच्या पबांत. पबमधल्या सेशनची रीत रुजली ती तिथे. पुढे ती मायदेशात गेली, आणि साठच्या दशकात डब्लिनच्या ‘ओडोनोह्यूज’मधून ‘द डब्लिनर्स’सारखा बँड बाहेर पडला.

सेंट पॅट्रिक डेची कथा तर अधिकच उलटी. न्यूयॉर्कची मिरवणूक 1762 पासूनची, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधीची. खुद्द आयर्लंडमध्ये मात्र 1927 च्या कायद्याने 17 मार्चला पब बंद ठेवावे लागत, आणि ही बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. त्या दिवशी डब्लिनमध्ये कायदेशीरपणे पेला मिळण्याचं ठिकाण म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटीचं श्वानप्रदर्शन. कुत्र्यांवर अचानक प्रेम जडलेल्या सज्जनांची तिथे गर्दी होई. बंदी उठली, तरी शहराने मोठा उत्सव म्हणून हा दिवस साजरा करायला 1996 उजाडलं. शिकागो 1962 पासून आपली नदी हिरवी करत आलं होतं.

खाण्यातही तेच. अमेरिकेतल्या आयरिश पबचा मानाचा पदार्थ म्हणजे कॉर्न्ड बीफ आणि कोबी. कॉर्क बंदरातून खारवलेलं गोमांस शतकभर जगभर जात होतं, पण ते बनवणाऱ्या गरीब आयरिश माणसाला परवडत नव्हतं. त्याच्या ताटात, सणावारीच, डुकराचं खारं मांस आणि कोबी असे. न्यूयॉर्कमध्ये पोचल्यावर ज्यू खाटकांकडे खारवलेलं ब्रिस्केट स्वस्तात मिळालं आणि डुकराच्या जागी ते आलं. शेजारधर्मातून जन्मलेला हा पदार्थ मायदेशी मागितला, तर वाढपी गोंधळात पडतो.

आयरिश कॉफीचा प्रवास मराठी वाचकाला थेट ओळखीच्या ठिकाणी आणून सोडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिमरिक परगण्यातल्या फॉइन्सला पाण्यावर उतरणारी विमानं येत. थंडीने काकडलेल्या प्रवाशांना तिथला आचारी जो शेरिडन कडक कॉफीत आयरिश व्हिस्की आणि साखर घालून वर सायीचा थर देई. 1952 मध्ये प्रवासलेखक स्टँटन डेलाप्लेनच्या आग्रहावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्यूना व्हिस्टा’ कॅफेने ती बनवायला घेतली. साय तरंगेना म्हणून बराच खटाटोप झाला, आणि तिथून ही कॉफी जगभर गेली. फॉइन्सच्या खानपानाची व्यवस्था पाहणाऱ्या ब्रेंडन ओरेगनने 1947 मध्ये शॅनन विमानतळावर जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान उघडलं. त्या अनुभवाच्या जोरावर 1983 मध्ये आयरिश चमू दुबईला गेला आणि दुबई ड्यूटी फ्री उभं राहिलं. त्याच संस्थेने 1996 मध्ये दुबईच्या गरहूद भागात, टेनिस स्टेडियमला लागून, ‘द आयरिश व्हिलेज’ उघडलं. दुबईत नोकरीला असलेल्या मराठी माणसांपैकी अनेकांची आयरिश पबशी पहिली गाठ तिथे पडते. वाळवंटातला हा पब आयरिश कसला, असा प्रश्न पडतोच. पण तो तिथे आला तो शॅननहून दुबईला गेलेल्या, ड्यूटी फ्रीचा धंदा बसवणाऱ्या माणसांच्या पाठोपाठ.

परदेशातल्या आयरिश पबमध्ये माणूस बसतो तेव्हा पोटात काय जातं? इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आयर्लंडच्या खेड्यातला पब जेवणासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. शेंगदाणे, टेटोचे चीज-अँड-अनियन चवीचे वेफर्स, फार तर हॅम, चीज, कांदा, टोमॅटो घालून भाजलेलं सँडविच, एवढ्यावर भागे. परदेशात मात्र स्वयंपाकघराशिवाय पब चालणं अवघड, म्हणून घराघरातले पदार्थ मेन्यूकार्डावर चढले. ते पदार्थ साधे आहेत आणि साधेपणातच त्यांची परीक्षा होते.

आयरिश स्ट्यूमध्ये मूळचं सामान चारच: मेंढीचं मांस, बटाटे, कांदे, पाणी. गाजर घालावं की नाही यावर घराघरात वाद आहेत. मंद आचेवर काही बटाटे विरघळतात, रस्सा दाट होतो, बाकीचे अख्खे राहतात. पीठ लावून दाट केलेला तपकिरी रस्सा आला तर समजावं, आचाऱ्याला घाई होती. कोलकॅनन म्हणजे लोण्यातल्या मऊ बटाट्यात केल किंवा कोबी. बॉक्स्टी म्हणजे किसलेला कच्चा बटाटा, शिजवून कुस्करलेला बटाटा आणि पीठ यांचं तव्यावरचं धिरडं. सोडा ब्रेडमध्ये यीस्ट नसतं. ताक आणि खायचा सोडा यांच्या भेटीने ती फुगते. आयर्लंडचा गहू मऊ, त्यात चिकटपणा कमी, म्हणून तिथल्या गृहिणींनी ही वाट काढली. वर सुरीने फुलीचा छेद देतात, म्हणजे मधला भाग नीट भाजला जातो. सीफूड चाउडरमध्ये सामन, धुरावलेला मासा, शिंपले आणि साय असते, आणि सोबत याच ब्रेडचा गव्हाळ प्रकार व खारं लोणी. नाश्त्याच्या थाळीत काळं पुडिंग दिसलं तर ते डुकराचं रक्त आणि ओट्स यांचं सॉसेज आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. शाकाहारी पाहुण्यासाठी फारसं काही नसतं हे खरं; कोलकॅनन, भाज्यांचं सूप आणि ब्रेड यांवर संध्याकाळ निभावते. करी चिप्स मात्र चुकवू नये. जाडसर बटाट्याच्या कापांवर पिवळा, गोडसर करी सॉस. भारतीय जिभेला तो चिनी खानावळीतला वाटेल, आणि मूळ तिथलंच आहे.

पेला भरणं हेही कौशल्याचं काम आहे. 1759 मध्ये आर्थर गिनेसने डब्लिनमधली सेंट जेम्स गेटची भट्टी वर्षाला 45 पौंड भाड्याने, तब्बल 9,000 वर्षांच्या कराराने घेतली. पण आज ज्या साईसारख्या फेसासाठी गिनेस ओळखली जाते तो 1959 चा. मायकेल ॲश या गणितज्ञाने नायट्रोजनचा वापर बसवला, आणि नायट्रोजनचे बुडबुडे बारीक म्हणून फेस मऊ. ग्लास तिरपा धरून तीन चतुर्थांश भरायचा, थांबायचं, तपकिरी वादळ शांत झालं की उरलेला भरायचा. थांबण्यासकट या सगळ्यात जवळपास दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात काउंटरवरचा माणूस शेजाऱ्याशी बोलायला लागतो. रंगावरून वाटते तितकी ती कडकही नाही. ड्राफ्ट गिनेसमध्ये मद्यार्क सुमारे 4.2 टक्के, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच लागर बिअरपेक्षा कमी.

आकर्षणाचं गमक या थांबण्यात आहे. काउंटरवर जाऊन मागायचं असल्यामुळे प्रत्येकाला उठावं लागतं, आणि उठलेला माणूस दोन अनोळखी माणसांच्या मधून जातो. बैठक लहान लहान कोपऱ्यांत विभागलेली असते. जुन्या पबांत ‘स्नग’ नावाची लाकडी कप्प्याची खोली असे. ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नसे त्या बायका, पाद्री आणि पोलीस तिथे बसत. एकटा आलेला माणूस इथे विचित्र दिसत नाही, हा मोठा गुण. परक्या शहरात, हॉटेलच्या खोलीत कंटाळलेल्या प्रवाशाला, नुकत्याच नोकरीला आलेल्या इंजिनिअरला, विद्यापीठात रुळायला धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकं हेच हवं असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्गने 1989 च्या आपल्या पुस्तकात घर आणि कामाची जागा यांखेरीजच्या ‘तिसऱ्या जागे’ची गरज मांडली होती. आयरिश पब त्या मांडणीत चपखल बसतो.

यातला एक रिवाज मात्र सांभाळून घ्यावा लागतो. चौघे बसले तर प्रत्येकाने एकेकदा चौघांसाठी मागवायचं, याला राउंड म्हणतात. सौजन्याचा हा नियम कमी पिणाऱ्यालाही चार पेल्यांपर्यंत ओढत नेतो. आयर्लंडने मद्यपानाची मोठी किंमत मोजली आहे, आणि फादर मॅथ्यूंच्या 1838 च्या मद्यत्याग चळवळीपासून 2022 मध्ये लागू झालेल्या किमान किंमत कायद्यापर्यंत त्याविरुद्धचे प्रयत्नही तिथेच झाले आहेत. आता बिनमद्याची गिनेसही मिळते. राउंडमध्ये ती मागणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही, हा स्वागतार्ह बदल आहे.

अस्सलपणा म्हणजेच चांगुलपणा, असंही धरून चालू नये. न्यूयॉर्कचं ‘मॅकसॉर्लीज ओल्ड एल हाउस’ आपला जन्म 1854 चा सांगतं. दोनच पेयं, फिकी एल आणि गडद एल. खायला चीज, बिस्किटं आणि कच्चा कांदा. भिंतीवरचं काही हलवायचं नाही. याच अस्सल जागेने 1970 पर्यंत बायकांना दाराबाहेर ठेवलं, आणि दार उघडलं ते न्यायालयात हरल्यावर. त्याच शहरात बेलफास्टच्या दोघांनी 2013 मध्ये ‘द डेड रॅबिट’ उघडला. खाली भुसा टाकलेली जमीन आणि पाइंट, वर निगुतीने बनवलेली कॉकटेल्स. तीन वर्षांत तो जगातला सर्वोत्तम बार ठरला. पब जिवंत ठेवायचा तर त्यात नवं करायची मुभा हवी, हे या दुसऱ्याने दाखवलं.

मायदेशातलं चित्र मात्र चिंतेचं आहे. 2005 पासून आयर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक पब बंद पडले, म्हणजे साधारण चारातला एक. सुपरमार्केटची स्वस्त दारू, मद्यपी वाहनचालकांवरचे कडक आणि योग्य कायदे, ओस पडणारी खेडी, वाढता खर्च, अशी कारणं आहेत. मार्च 2020 मध्ये, सेंट पॅट्रिक डेच्या दोन दिवस आधी, करोनामुळे देशभरातले पब बंद करायला सांगणारं सरकार लिओ वराडकर यांचं होतं. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. पुढे उन्हाळ्यात पब उघडले तेव्हा अट घातली गेली की गिऱ्हाइकाने किमान 9 युरोचं भरपेट जेवण घ्यायला हवं. ज्यांच्याकडे स्वयंपाकघरच नव्हतं ते खेड्यातले पब सप्टेंबरपर्यंत कुलपात राहिले. वेफर्सच्या पाकिटावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या जागांना हा फटका वर्मी बसला.

मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. इराणी कॅफे एकेक करून बंद होत असताना लंडनमध्ये 2010 साली ‘डिशूम’ उघडलं आणि इराण्याचा थाट तिथे रांगा लावून विकला जाऊ लागला. परदेशातली प्रतिकृती मूळ जागेला मारत नाही, पण वाचवतही नाही. मूळ जागा टिकते ती शेजारपाजारच्या माणसांनी तिथे जाऊन बसण्याने. आयरिश सरकारने आणि गावांनी निर्यातीच्या यशावर खूष होऊन घरच्या पबांकडे पाठ फिरवू नये, हे म्हणूनच महत्त्वाचं.

परदेशी जाणाऱ्या मराठी वाचकाने आयरिश पब टाळण्याचं कारण नाही, निवडण्याचं मात्र आहे. भिंतीवर किती सायकली आहेत हे पाहू नये. काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकांना नावाने ओळखतो का, टीव्हीचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा आहे का, स्ट्यू रोज शिजतो की पाकिटातून येतो, एवढं पाहावं. 17 मार्चला, हिरव्या टोप्यांच्या गर्दीत जाऊ नये. आठवड्यातल्या एखाद्या साध्या संध्याकाळी, सेशन असेल तेव्हा जावं, वादकांच्या खुर्च्या सोडून बसावं आणि ते वाजवत असताना मोठ्याने बोलू नये. दारू नको असेल तर चाउडर आणि ब्रेड मागवावी. तेवढ्यावरही तासभर बसू देणारा पब चांगला, मग तो आयर्लंडच्या गॉलवेत असो की दुबईच्या गरहूदमध्ये.